चकाकी वेगळी, संरक्षण वेगळे: सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरील नव्या ट्रकची निगा

पुणे-बंगळूरु महामार्गावर साताऱ्याहून कराडकडे धावणारा किंवा सांगली-मिरजेच्या पेठांतून हळद, बेदाणा आणि साखर घेऊन निघणारा मालट्रक बहुधा कर्जावर घेतलेला असतो, आणि त्याचे हप्ते फिटेपर्यंत त्याचे बाह्यरूप टिकवणे हा हौसेपेक्षा हिशेबाचा विषय ठरतो. इंजिन, गिअर आणि ब्रेक यांची देखभाल सर्व्हिसिंगच्या वेळापत्रकात बसते. परंतु बंपर, जाळी, मडगार्ड, आरशांची कवचे, हेडलाइटच्या काचा आणि चाकांच्या डिस्क यांची जबाबदारी कोणत्याच वेळापत्रकात नसल्यामुळे ती ड्रायव्हर व क्लीनर यांच्या सवयीवर सोडली जाते. या सवयींत चकाकी आणि संरक्षण या दोन गोष्टींची गल्लत झालेली आढळते. डिझेलच्या फडक्याने पुसलेले काळे प्लास्टिक तासाभरात नव्यासारखे दिसते, पण त्याच फडक्यामुळे त्याचे आयुष्य घटते; उलट साध्या पाण्याने वेळेवर धुतलेले चाक फारसे चमकत नाही, तरी ते अधिक काळ टिकते. हा भेद समजण्यासाठी ट्रकच्या बाह्यभागावर काय आघात होतो आणि तो आघात सातारा-सांगलीत कोणत्या स्वरूपात येतो, हे आधी पाहावे लागते.

एकाच वाटेवर तीन हवामाने

या दोन जिल्ह्यांचे वैशिष्ट्य असे की, शे-दीडशे किलोमीटरच्या अंतरात हवामान पूर्णपणे पालटते. पश्चिमेला महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, आटपाडी आणि जत या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. पश्चिमेच्या घाटमाथ्यावर जांभ्याची लाल माती असते आणि तिच्यातील लोहाची ऑक्साइडे पांढऱ्या वा करड्या प्लास्टिकच्या बारीक खाचांत बसून तांबूस डाग पाडतात. पूर्वेकडे कोरडी, टणक धूळ वाऱ्याबरोबर येऊन पृष्ठभाग घासते. आणि मधल्या कृष्णाकाठी काळी चिकणमाती, उसाचा चिकट रस व क्षारयुक्त पाणी या तिन्हींचा एकत्रित त्रास असतो. कराडहून पाटण, कोयना आणि कुंभार्ली घाट ओलांडून चिपळूणकडे जाणाऱ्या गाड्यांना यात कोकणच्या खारट हवेची भर पडते.

यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो की, सर्व गाड्यांना एकच उपाय लागू पडत नाही. पाचगणीची स्ट्रॉबेरी पसरणी घाटाने वाईला उतरवणारा पिकअप, दहिवडीच्या रस्त्यावर खडी वाहणारा डंपर आणि वाळव्यातील साखर कारखान्यावर ऊस टाकणारा ट्रक यांच्या निगेची वेळापत्रके वेगवेगळीच असावयास हवीत.

काळे प्लास्टिक पांढुरके का पडते

आधुनिक ट्रकच्या बंपरसाठी आणि कडांसाठी बहुधा पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वापरतात. त्यात ते ठिसूळ होऊ नये म्हणून रबरासारखा घटक आणि ऊन सोसावे म्हणून काजळीची बारीक पूड मिसळलेली असते. प्लास्टिक हे अतिशय लांब रेणुसाखळ्यांचे बनलेले असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पण अधिक ऊर्जेचे किरण, या साखळ्या तोडतात. तुटलेल्या टोकांशी हवेतील ऑक्सिजन संयोग पावतो आणि पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा पडतात. या भेगांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून मुळात काळा असलेला भाग पांढुरका दिसू लागतो. येथे पांढरेपणा बाहेरून चिकटलेला नसून झिजलेल्या पृष्ठभागातच असतो, त्यामुळे तो घासून निघत नाही.

सातारा आणि सांगली ही दोन्ही शहरे कर्कवृत्ताच्या बरीच दक्षिणेला आहेत, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य तेथे थेट डोक्यावर येतो. त्यातील पहिली वेळ मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, आकाश सामान्यतः निरभ्र असताना येते, तर दुसरी ऑगस्टच्या प्रारंभी, पावसाळी ढगांच्या आड येते. एप्रिल व मे हे महिने म्हणूनच प्लास्टिकला सर्वाधिक घातक ठरतात. या काळात गाडी उभी करताना तिचे तोंड सावलीत राहील एवढी काळजी घेतली, तरी बंपर व हेडलाइट यांवरील भार बराच कमी होतो, आणि या उपायाला काहीही खर्च येत नाही.

हेडलाइटची पुढची काच हल्ली बहुधा खरी काच नसून पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची असते. ती दणकट असली तरी उन्हाने पिवळी पडते आणि धुळीने चरे घेते, म्हणून कारखान्यातच तिच्यावर एक कठीण पारदर्शक थर चढवलेला असतो. कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याची सवय हाच थर आधी संपवते. पिवळ्या पडलेल्या काचेला पॉलिश पेपर मारून ती स्वच्छ करून देणारे कारागीर असतात. मात्र त्या घासण्याने उरलासुरला थरही निघून जातो आणि त्यावर अतिनील किरण अडवणारा नवा थर चढवला नाही, तर काच पहिल्यापेक्षा लवकर पिवळी पडते.

डिझेल, रॉकेल किंवा वापरलेले इंजिन ऑइल यांनी प्लास्टिक पुसण्याची प्रथा या संदर्भात तपासली पाहिजे. तेल सूक्ष्म भेगांत शिरून प्रकाशाचे विखुरणे तात्पुरते थांबवते, त्यामुळे भाग काळा दिसतो; पण तेलावर धूळ बसते, दुसऱ्या दिवशी ती धूळ पुसताना पृष्ठभाग घासला जातो आणि दरवाजांच्या व काचांच्या रबरी पट्ट्या खनिज तेल शोषून फुगतात व सैल पडतात. मागील व बाजूच्या परावर्तक पट्ट्या, ज्यांना गॅरेजमध्ये रेडियम म्हणतात, त्यांचा गोंदही अशा तेलाने सुटू शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मालवाहू वाहनांना पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या व मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्या लागतात. त्यामुळे त्या जपणे हा शोभेचा नव्हे, तर रात्रीच्या अपघातांपासून बचावाचा भाग आहे.

बॉडी बांधतानाच होणारी हानी

मोटारगाडी आणि ट्रक यांत एक मूलभूत फरक आहे. ट्रक अनेकदा केबिन व चॅसिस एवढ्याच स्वरूपात विकत घेतला जातो आणि मागचा हौदा, फाळके, कैची व टूलबॉक्स ही कामे स्थानिक बॉडी बांधणाऱ्याकडे होतात. या दिवसांत नव्या केबिनशेजारी वेल्डिंग व ग्राइंडिंग चालते; तापलेले लोखंडाचे कण उडून रंगात, हेडलाइटच्या काचेत आणि प्लास्टिकमध्ये रुततात. तेव्हा ते दिसतही नाहीत, परंतु पहिल्या पावसानंतर तेथे तांबूस ठिपके उमटतात आणि मालक रंगाला दोष देतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे काम सुरू होण्याआधी केबिन, पुढच्या काचा आणि पुढची चाके जाड व न पेटणाऱ्या आच्छादनाने झाकणे आणि काम संपल्यावर ते कण न घासता भरपूर पाण्याने वाहून जाऊ देणे. बॅटरीची जोडणी काढून ठेवण्याची सूचनाही याच वेळी द्यावी, कारण वेल्डिंगच्या प्रवाहाने नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग बिघडू शकतात.

नव्या गाडीच्या क्रोमपट्ट्यांवर, पायऱ्यांवर व दरवाजांवर येणारा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा नवेपणाची खूण म्हणून महिनोन् महिने तसाच ठेवला जातो, तेही चुकीचे आहे. उन्हाने त्याचा गोंद कडक होतो, कडांखाली पाणी व धूळ अडकते आणि उशिरा काढल्यास डाग कायम राहतो. तो पहिल्या आठवड्यातच काढून टाकावा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झाल्यावर बहुतेक जड ट्रकांना डिझेलबरोबर युरियाचे द्रावणही भरावे लागते, त्यात ३२.५ टक्के युरिया व उरलेले शुद्ध पाणी असते. भरताना सांडलेले द्रावण वाळून पांढरे खडे तयार होतात आणि ते टाकीच्या झाकणाभोवतीच्या प्लास्टिकवर, रंगावर व तारांच्या जोडांवर साचतात. हे खडे फडक्याने खरवडू नयेत. ते पाण्यात सहज विरघळतात, म्हणून सांडल्याबरोबर तांब्याभर पाणी ओतणे पुरेसे होते.

पूजा आणि पृष्ठभाग

नवी गाडी घरी आली की तिची पूजा होते आणि पुढे दरवर्षी खंडेनवमीला वा दसऱ्याला हळदी-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ व चाकाखालची लिंबे हा विधी पार पडतो. सांगली ही हळदीची मोठी पेठ असून सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा येथे हळदीला हात आखडता घेतला जात नाही. हळदीतील पिवळे द्रव्य प्लास्टिकमध्ये मुरते. मात्र ते प्रकाशाने विघटित होणारे असल्यामुळे काही दिवसांच्या उन्हात डाग आपोआप फिका होतो आणि त्यासाठी प्लास्टिक घासण्याची गरज नसते. कृत्रिम रंगाचे कुंकू व तेलात कालवलेला शेंदूर हे अधिक चिवट असतात; ते काचेवर किंवा रंगवलेल्या पत्र्यावर लावावेत, खडबडीत काळ्या प्लास्टिकवर लावू नयेत. माळा तारेने बांधल्यास हेलकाव्यांनी क्रोमवर चरे पडतात, म्हणून सुती दोरा वापरावा आणि कोमेजलेली फुले दुसऱ्या दिवशी काढून टाकावीत. एवढी काळजी घेतली, तर विधीला कोठेही बाध येत नाही.

गाळपाचा हंगाम

दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालणारा गाळप हंगाम हा कृष्णाकाठच्या ट्रकांचा खरा कसोटीचा काळ असतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, कराडजवळचा सह्याद्री, सांगलीचा वसंतदादा पाटील, साखराळ्याचा राजारामबापू पाटील असे अनेक कारखाने या पट्ट्यात आहेत आणि त्यांच्या गाडीतळांवर भरलेल्या गाड्या नंबर लागेपर्यंत तासन्‌तास उभ्या राहतात. तोडलेल्या उसाच्या टोकांतून रस गळतो. त्यातील साखरेवर सूक्ष्मजीव वाढून तिचे आम्लांत रूपांतर होते. शिवाय साखर हवेतील ओल धरून ठेवते, त्यामुळे जेथे रस वाळला तेथे पत्रा सतत दमट राहतो आणि गंज पकडतो. फाळक्याच्या बिजागऱ्या, मागचे मडगार्ड, चाकांच्या नटांमधील खाचा आणि केबिनची पाठ या जागा सर्वाधिक बाधित होतात. मळीची वाहतूक करणाऱ्या टँकरांबाबत हाच धोका अधिक तीव्र असतो.

कारखान्याच्या परिसरात याच वेळी बॉयलरच्या धुराड्यातून बगॅसची राख पडत असते. बगॅस म्हणजे रस काढल्यानंतर उरलेला चोथा. त्याच्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूतील मुख्य द्रव्य, भरपूर असते. गाडीतळावर वाट पाहताना वेळ घालवण्यासाठी क्लीनर कोरड्या फडक्याने केबिन पुसतो, तेव्हा प्रत्यक्षात तो बारीक वाळूने प्लास्टिक व रंग घासत असतो. राख पडली असल्यास कोरडे फडके अजिबात लावू नये. आधी पाणी मारावे आणि पाणी नसेल तर राख तशीच राहू द्यावी, कारण तिच्या असण्यापेक्षा तिला घासण्याने अधिक नुकसान होते. उसाचा रस साध्या पाण्यात विरघळतो, मात्र तो वाळून काळा पडण्याआधी धुतला पाहिजे, आणि म्हणून हंगामात पूर्ण गाडी धुणे शक्य नसले तरी शेवटच्या खेपेनंतर चाके व मडगार्ड यांवर पाणी मारण्याचा नियम ठेवावा. उसाच्या मोळ्या व वाढे मागच्या दिव्यांवर आणि परावर्तक पट्ट्यांवर लोंबत राहतात, तीही बाब भरतानाच पाहावी.

चाके: शोभेआधी सुरक्षितता

चाकाच्या बाबतीत बाह्य निगा आणि जीविताची सुरक्षितता यांचा संबंध सर्वांत जवळचा आहे. ट्रकच्या डिस्क सामान्यतः पोलादी व रंगवलेल्या असतात; काही नव्या गाड्यांना वजन कमी करण्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके मिळतात. पोलादाला ओल व क्षार यांपासून धोका असतो, तर ॲल्युमिनियमवर नैसर्गिकरीत्या तयार होणारा ऑक्साइडचा संरक्षक थर तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क या दोन्हींत विरघळतो. म्हणून कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा किंवा फरशीचे ॲसिड वापरून ॲल्युमिनियमची चाके झटपट पांढरीशुभ्र करण्याचा प्रकार पुढे त्यांना खड्डे पाडतो.

घाटात उतरताना ब्रेक तापतात आणि त्यांच्या लायनिंगची व लोखंडाची झीज होऊन बारीक भुकटी चाकावर बसते. तिच्यातील लोहकण पावसात गंजून रंगाला चिकटतात, म्हणून खंबाटकी, पसरणी किंवा कुंभार्ली यांसारख्या घाटांतून नियमित जाणाऱ्या गाडीची चाके इतर भागांपेक्षा अधिक वेळा धुवावी लागतात. तथापि घाट उतरल्याबरोबर पायथ्याशी थांबून तापलेल्या चाकांवर थंड पाणी ओतणे धोक्याचे आहे. अचानक आकुंचनाने ब्रेक ड्रमला तडे जाऊ शकतात. हात लावता येईल इतके चाक निवल्यावरच पाणी मारावे.

चाकांना रंग देण्याची हौस या भागात मोठी आहे आणि पिवळ्या-लाल पट्ट्यांनी सजवलेल्या डिस्क सर्वत्र दिसतात. त्यात एक महत्त्वाची मर्यादा पाळली पाहिजे. डिस्क जेथे हबला टेकते तो भाग आणि नट जेथे बसतात ती जागा यांवर रंगाचे जाड थर नसावेत. भार व उष्णता यांनी हा रंग दबतो, निघून जातो आणि तेवढ्या अंतराने नट सैल पडतात. नटापासून बाहेरच्या बाजूला गेलेली गंजाची तांबूस रेघ ही अनेकदा नट सैल झाल्याची खूण असते, तर हबच्या मध्यापासून पसरलेला काळा ओला डाग ऑइल सील गळत असल्याचे सुचवतो. स्वच्छ चाकावर या खुणा ताबडतोब दिसतात. चिखलाने माखलेल्या चाकावर त्या लपतात आणि प्लास्टिकच्या शोभेच्या टोप्यांखाली तर दिसतच नाहीत. नव्या गाडीचे, तसेच चाक बदललेल्या कोणत्याही गाडीचे नट थोड्या अंतरानंतर पुन्हा तपासून उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावेत.

टायरच्या बाजू तपकिरी दिसू लागल्या म्हणजे ते जुने झाले असे नव्हे. हवेतील ओझोनने रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेच्या संपर्काने तपकिरी होतात. म्हणजे तो रंग संरक्षण चालू असल्याचाच पुरावा होय. टायर काळे करण्यासाठी तेल वा डिझेल लावल्याने रबर फुगते व मऊ पडते. लावायचेच असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या प्रकारचे द्रव्य केवळ बाजूंना लावावे. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर ते लागल्यास गाडी घसरते.

पाणी कोणते आणि कसे

धुण्याचे पाणी हा या जिल्ह्यांतील दुर्लक्षित प्रश्न आहे. वाळवा, मिरज व पलूस तालुक्यांत दीर्घकाळच्या अतिसिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि अनेक ठिकाणी बोअरचे पाणीही क्षारयुक्त असते. अशा पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की काळ्या प्लास्टिकवर व क्रोमवर पांढरे ठिपके उमटतात. शक्य तेथे नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी शेवटच्या धुण्यासाठी राखून ठेवावे, गाडी सकाळी किंवा सायंकाळी सावलीत धुवावी आणि ती आपोआप वाळू न देता ओल्या, पिळलेल्या मऊ सुती फडक्याने टिपून घ्यावी. जुने ठिपके पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून काढता येतात, मात्र त्यानंतर भरपूर पाणी मारणे आवश्यक असते. प्रेशरच्या पाण्याचा झोत हबच्या सीलवर, तारांच्या जोडांवर आणि प्लास्टिकच्या सुटू पाहणाऱ्या कडांवर जवळून मारू नये.

पुराचा अनुभव या भागाला नवा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोकापातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली होती आणि कोल्हापूरनजीक महामार्ग अनेक दिवस बंद राहिला होता. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीवरून गाळ ओला असतानाच काढला पाहिजे, कारण काळी माती वाळल्यावर आकसून घट्ट बसते आणि बंपरच्या आत, मडगार्डच्या पोकळीत व डिस्कमागे ओल धरून ठेवते. पाणी हबपर्यंत पोहोचले असेल, तर बाहेरून स्वच्छता करून न थांबता चाके उतरवून ग्रीस व ब्रेक तपासून घ्यावेत.

विकतचे लेप किती उपयोगी

बाजारात मेण, प्लास्टिकसाठीची द्रव्ये, सिरॅमिक लेप व पारदर्शक फिल्म असे चार मुख्य पर्याय मिळतात. मेण स्वस्त असते, पण ते गुळगुळीत रंगासाठी असून खडबडीत प्लास्टिकच्या खाचांत पांढरे होऊन अडकते. अतिनील किरण अडवणारी द्रव्ये प्लास्टिकला उपयुक्त असतात, मात्र ती पावसात धुऊन जातात व पुन:पुन्हा लावावी लागतात. सिरॅमिक लेप सिलिकेवर आधारित, अतिशय पातळ व कठीण असतो. तो रस, राख आणि क्षार यांना चिकटू देत नाही, परंतु उडणारी खडी त्याच्याने थांबत नाही. खडीचा मार सोसते ती पॉलियुरेथेनची जाड फिल्म, जी संपूर्ण ट्रकला परवडण्याजोगी नसली तरी हेडलाइटच्या काचांवर लावणे फायद्याचे ठरू शकते. यांपैकी कोणताही लेप नव्या व स्वच्छ पृष्ठभागावरच नीट बसतो. झिजलेल्या प्लास्टिकला तो तारुण्य परत देत नाही. म्हणून खर्च करावयाचा असेल तर तो पहिल्या उन्हाळ्यापूर्वी करावा.

सामान्य ट्रकमालकासाठी यातून निघणारा निर्णय सरळ आहे. बॉडी बांधताना केबिन झाकणे, पापुद्रे वेळेवर काढणे, डिझेलचे फडके बंद करणे, हंगामात रस वाळू न देणे, घाटानंतर चाक निवू देणे आणि गोड्या पाण्याने शेवटचे धुणे, या सहा गोष्टी पाळल्यास महागड्या लेपांची गरज फारच थोडी उरते. मालकांनी ही कामे ड्रायव्हर व क्लीनर यांच्या मर्जीवर न सोडता त्यांच्यासाठी वेळ आणि पैसा खेपेच्या हिशेबात धरावा. आणि गाडी ओढ्यात किंवा कृष्णेच्या पात्रात उतरवून न धुता वॉशिंग सेंटरवरच धुवावी, कारण चाकांवरून निघणारे तेल व ग्रीस ज्या पाण्यात मिसळते, तेच पाणी पुढच्या गावाला प्यावे लागते.